ऑप्शनमध्ये सात लाख गेले. आता हे आयुष्य स्वीकारायचं कसं?

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे हेच भोगणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. वय २७, गाव कराडजवळ, मेकॅनिकल डिप्लोमा, चाकणला एका सीएनसी शॉपमध्ये नोकरी, हातात महिन्याला २८ हजार. गेल्या दोन-अडीच वर्षांत निफ्टी आणि बँक निफ्टीच्या ऑप्शनमध्ये, म्हणजे शेअर बाजाराचा निर्देशांक ठरावीक मुदतीत वर जाईल की खाली यावर पैसे लावण्यात, सात लाखांच्या आसपास गेले. त्यात स्वतःची बचत, एक पर्सनल लोन, दोन लोन ॲप, मित्राकडून उसने घेतलेले पैसे, आणि आईच्या पाटल्या पतसंस्थेत तारण ठेवून उचललेली रक्कम. घरी कुणालाच माहीत नाही. शेवटी तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. एकदा नीट शिकून, शिस्तीत, फक्त गेलेलं परत मिळवण्यापुरतं ट्रेडिंग करू का? आणि ते करायचं नसेल, तर हे सामान्य, कर्जबाजारी आयुष्य स्वीकारायचं कसं?

पहिल्याचं उत्तर नाही. का नाही ते पुढे सांगते, कारण नुसत्या ‘नाही’ने कुणी थांबलेलं मी पाहिलेलं नाही.

त्याआधी एक. ‘कधी कधी वाटतं सगळं संपवून टाकावं’ असं तुम्ही मध्येच लिहून पुढच्या ओळीत लगेच विषय बदलला आहे. मी तो बदलू देणार नाही. हा विचार पुन्हा आला, विशेषतः रात्री आला, तर १४४१६ वर फोन करा. ही सरकारची टेली मानस सेवा आहे, चोवीस तास चालते, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. त्या वेळी खोलीत एकटे राहू नका, रूममेटला उठवा. ‘झोप लागत नाहीये, जरा बस’ एवढं सांगितलं तरी पुरे. कर्ज फिटतं. ते फेडलेली माणसं माझ्यासमोर बसून गेली आहेत.

आता ‘नीट शिकून, शिस्तीत’ या शब्दांबद्दल. मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, पिंपरी-चिंचवडला बसते. चाकण, तळेगाव, भोसरीच्या कंपन्यांतली मुलं अलीकडे या कारणाने फार येतात, आणि त्यांच्यातला जवळपास प्रत्येक जण हेच म्हणतो: ‘मॅडम, माझी स्ट्रॅटेजी बरोबर होती, सायकॉलॉजी कमी पडली.’ स्टॉपलॉस (तोटा ठरावीक मर्यादेला गेला की आपोआप बाहेर पडायची सोय) काढून टाकला, लॉस झाल्यावर रागाने दुप्पट लॉट, म्हणजे दुप्पट माल घेतला, प्रॉफिट लवकर बुक केला. हे सगळं खरंच घडलेलं असतं. पण यावरून ‘माझं मन सुधारलं की पैसे येतील’ असा निष्कर्ष काढायला ज्यांनी शिकवलं, ते बहुतेक करून कोर्स विकणारे असतात. माझ्या विषयाचं नाव घेऊन हे विकलं जातं, म्हणून मला ते जास्त लागतं.

शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एक कोटीहून जास्त सामान्य लोकांनी एफ अँड ओमध्ये, म्हणजे फ्युचर्स आणि ऑप्शनमध्ये, व्यवहार केले. त्यातल्या ९३ टक्के लोकांना तोटा झाला, सरासरी माणशी सुमारे दोन लाख. एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटींच्या वर. खर्च वजा जाता एक लाखापेक्षा जास्त नफा झालेले फक्त १ टक्का. पुढच्या वर्षी, २०२४-२५ मध्ये, नियम कडक झाल्यावरही ९१ टक्के लोक तोट्यातच होते. तुम्ही ३० वर्षांच्या आतले आहात. २०२३-२४ मध्ये व्यवहार करणाऱ्यांत ४३ टक्के तुमच्याच वयाचे होते. शंभरातल्या ९३ जणांचं मन एकाच वेळी दुबळं निघत नाही. जिथे इतके लोक हरतात, तिथे हरण्याचं कारण त्या व्यवहाराच्या रचनेत शोधावं लागतं.

समोर कोण बसलंय तेही त्याच अभ्यासात आहे. २०२३-२४ मध्ये ब्रोकरांच्या स्वतःच्या ट्रेडिंग डेस्कनी सुमारे ३३ हजार कोटी आणि परदेशी संस्थांनी सुमारे २८ हजार कोटी नफा कमावला, आणि त्यातला ९६-९७ टक्के अल्गोमधून, म्हणजे संगणकाने आपोआप केलेल्या व्यवहारांतून, आला. तुम्ही दुपारी पावणेतीनला वॉशरूममध्ये उभं राहून मोबाइलवर घेतलेल्या ‘हिरो-झिरो’ (आला तर खूप, नाहीतर शून्य) ट्रेडच्या दुसऱ्या बाजूला असं यंत्र असतं. त्याला आईच्या पाटल्या नसतात, हप्ता नसतो, त्यामुळे भीतीही नसते.

आणि खर्च. हा हिशेब मी प्रत्येकाला हाताने करायला लावते. समजा ६ हजारांचा एक ट्रेड. घेताना २० आणि विकताना २० रुपये ब्रोकरेज. त्यावर जीएसटी, एसटीटी (बाजारातल्या व्यवहारावरचा कर), एक्स्चेंजचे चार्जेस, स्टॅम्प ड्युटी. ढोबळ ६० रुपये गेले, भाव जागचा हललेला नसताना. तुमच्यासारखे दिवसाला दहा ट्रेड केले तर ६००. महिन्यात वीस दिवस बाजार चालू असेल तर १२ हजार. म्हणजे काहीही न हरता, बरोबरीत सुटण्यासाठीच पगाराच्या चाळीस टक्क्यांहून जास्त रक्कम बाजारातून काढावी लागते. एक शनिवार काढा, तुमची जुनी कॉन्ट्रॅक्ट नोट (ब्रोकर पाठवतो ते व्यवहाराचं बिल) उघडा, शेवटच्या पानावरचे हे आकडे वहीत उतरवा. यात शिस्तीचा कुठे संबंध येतो ते बघा.

‘फक्त गेलेलं परत मिळवण्यापुरतं’ हे वाक्य आमच्याकडे निदानाचा भाग आहे. हरलेलं परत मिळवण्यासाठी पुन्हा खेळणं, रक्कम वाढवत नेणं, थांबायचं ठरवून न थांबता येणं, थांबल्यावर चिडचिड, घरच्यांशी खोटं बोलणं, यासाठी उधार घेणं, नोकरी धोक्यात येणं: जुगाराच्या विकाराची ही लक्षणं आहेत. २०१३ पासून मानसोपचारातल्या डीएसएम-५ या निदानपुस्तिकेत हा विकार दारू आणि ड्रग्जच्या व्यसनांच्या प्रकरणात ठेवलेला आहे. नऊपैकी चार लक्षणं वर्षभरात दिसली तरी निदान होतं. तुमच्या पत्रात मला किमान सहा दिसतात. पत्रावरून निदान करायचं नसतं, ते समोर बसूनच होईल. पण व्यसन असेल तर त्यावर उपाय आहेत, आणि ‘शेवटचं एकदा’ हा त्यातला उपाय नाही. ट्रेडिंग कायदेशीर आहे, त्यात चार्ट आहेत, इंग्रजी शब्द आहेत, म्हणून आपण त्याला अभ्यास समजतो. कधी मिळेल, किती मिळेल हे न सांगता अधूनमधून बक्षीस येत राहिलं की मेंदू त्याला घट्ट धरून ठेवतो. तुमच्या त्या पहिल्या ४२ हजारांच्या नफ्याने हेच केलं. तो दिवस तुम्ही पत्रात तारखेसह लिहिला आहे. तोट्याच्या दिवसांपैकी एकाचीही तारीख नाही.

आता दुसरा प्रश्न. मला तोच जास्त महत्त्वाचा वाटतो.

झटपट पैशाच्या मागे लागून बुडणं आपल्याकडे नवीन नाही. गिरणगावात मटका होता, चिट फंड होते, २०१९ मध्ये इस्लामपूरच्या कडकनाथ कोंबड्यांच्या योजनेत कितीतरी शेतकऱ्यांचे पैसे अडकले. पण तिथे बोट दाखवायला कुणीतरी होतं. कंपनी पळाली, आम्ही फसलो, असं चारचौघांत सांगता येतं. मोर्चा काढता येतो. ऑप्शनमध्ये प्रत्येक बटण आपणच दाबलेलं असतं. त्यामुळे सगळी शरम एकट्या माणसावर येते. तो ती आत कोंडतो, आणि बाहेर पडायला एकच दार दिसतं: पैसे परत आले की मी पुन्हा ताठ मानेने उभा राहीन. तुम्ही स्वतःशी असा करारच करून बसला आहात. सात लाख आले तर मी माणूस, नाहीतर मी कुणी नाही. स्वतःला स्वीकारणं म्हणजे हा करार मोडणं. त्यात महत्त्वाकांक्षा सोडायची नसते, आणि ‘नशिबात नव्हतं’ म्हणून बसून राहायचंही नसतं.

‘मला सामान्य आयुष्य नको’ हे वाक्य तुमच्या पत्रात तीनदा आलं आहे. ते नेमकं कुठून आलं हे विचारलं, तर बहुतेक मुलं आधी गाडी, फ्लॅट, दुबई असं सांगतात. थोडं बसलं की दुसरंच निघतं. लग्नाचं बघताना मुलीकडच्यांनी विचारलेलं ‘पुण्यात स्वतःचा फ्लॅट आहे का?’ कॉन्ट्रॅक्टवर आहे म्हटल्यावर चहा संपायच्या आत आवरतं घेतलेलं बोलणं. बरोबरचा एक जण आयटीत गेला, गावच्या यात्रेला नवी गाडी घेऊन आला, आणि वडील त्या गाडीकडे बघत राहिले. तुम्हीही लिहिलं आहे की बायोडेटात ‘नोकरी’च्या जागी ‘स्टॉक मार्केट ट्रेडर’ लिहिलं, तेव्हा पहिल्यांदा कुणीतरी आदराने दोन प्रश्न विचारले.

हे दुःख खोटं नाही. आपल्या भागात तिशीच्या आतल्या, कमी पगाराच्या मुलाला लग्नाच्या बाजारात कसं तोललं जातं हे मी रोज ऐकते, आणि ते अपमानास्पद आहे. त्यातून सुटावंसं वाटणं अगदी माणसासारखं आहे. फक्त तुम्ही त्या तोलणाऱ्यांचाच तराजू उचलून घरी आणलात आणि रोज सकाळी सव्वानऊला स्वतःच त्यात बसू लागलात. पी अँड एल, म्हणजे नफा-तोट्याचा आकडा, हिरवा तर मी भारी, लाल तर मी नालायक. अडीच वर्षं रोज असं करणाऱ्या माणसाला आपण कोण आहोत हे आठवणं अवघड जातं.

तुमच्या लांबलचक पत्रात एक वाक्य तुम्ही सहज लिहून पुढे गेला आहात: ‘अवघड जॉब असला की सेटिंगला मलाच बोलावतात.’ मी तिथे थांबले. माझ्याकडे याच धंद्यातला एक मुलगा येत असे (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). त्याला विचारलं, दिवसभर करतोस काय? तो म्हणाला, काही नाही, मशीन चालवतो. मग हळूहळू निघालं की कटिंगच्या आवाजावरून इन्सर्ट झिजल्याचं त्याला मोजायच्या आधी कळतं. शाफ्टवर दहा मायक्रॉनची टॉलरन्स असली की सकाळी मशीन थंड असताना आणि दुपारी तापल्यावर ऑफसेट किती बदलायचा हे त्याच्या डोक्यात पक्कं असतं. नवीन आलेले इंजिनिअर त्याला विचारून प्रोग्रॅम लावतात. हे सांगताना त्याचे हात हवेत टूल धरल्यासारखे फिरत होते. त्याने हे आयुष्यात कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं, आणि तो स्वतःही त्याला काही समजत नव्हता. ऑप्शनच्या भावांच्या तक्त्यात अडीच वर्षं घालवून त्याच्या हाती काहीच विद्या आली नाही. या कामात मात्र आली होती. पुढे तो टूल रूमच्या कोर्सला गेला. पगार वाढला, फार नाही. पण बोलताना ‘काही नाही, मशीन चालवतो’ हे म्हणणं बंद झालं. तुमच्याकडून मला एवढंच हवंय: कुणी काय करता विचारलं तर तुमच्या कामाबद्दल चार वाक्यं सरळ, कमीपणा न घेता बोलायची. बायोडेटातही तेच लिहायचं.

आता कामाचं.

एफ अँड ओ सेगमेंट बंद करायला ब्रोकरला आजच लेखी मेल करा. ॲप नुसतं डिलीट करून भागत नाही, पुन्हा टाकायला दोन मिनिटं लागतात. टेलिग्रामचे चॅनल सोडा, ट्रेडिंगचे व्हिडिओ दिसू लागले की ‘नको’ दाबत राहा. मग ब्रोकरकडचा सुरुवातीपासूनचा लेजर, म्हणजे खातेउतारा, काढा आणि बँकेतून किती आत गेले, किती बाहेर आले याची वजाबाकी करा. ‘सातच्या आसपास’ चालणार नाही, रुपयापर्यंतचा आकडा हवा. तो कागदावर लिहिताना पोटात गोळा येईल. तो आकडा लिहिल्याशिवाय पुढचं काहीच मार्गी लागत नाही.

तोटा झाला म्हणून रिटर्न भरायचं टाळू नका. एफ अँड ओ हे व्यवसायाचं उत्पन्न धरतात, आयटीआर-३ हा फॉर्म लागतो, मुदतीत भरला तर तोटा पुढची आठ वर्षं ओढता येतो. पगारातून मात्र तो वजा होत नाही. इथे एक धोका आहे. ‘लॉस सेट ऑफ करायचाय’, म्हणजे जुना तोटा नव्या नफ्यातून वजा करायचाय, म्हणून पुन्हा सुरू केलेले लोक मी पाहिले आहेत. वाया गेला तर जाऊ दे तो सेट ऑफ.

कर्जात आधी लोन ॲप. व्याज सगळ्यात जास्त तिथेच, आणि त्रासही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करता येत नाहीत, धमकी देता येत नाही, तुमच्या मोबाइलमधल्या नातेवाइकांना फोन करून बदनामी करता येत नाही. केलं तर स्क्रीनशॉट ठेवा आणि १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर तक्रार करा. पतसंस्थेतलं सोनेतारण संपवणं लगेच जमणार नाही, पण व्याज थकवू नका, लिलावाची नोटीस थेट घरच्या पत्त्यावर जाते. खाजगी सावकाराकडे एक कर्ज फेडायला दुसरं घ्यायला जाऊ नका. पीएफला हात लावू नका. तुमचं एकूण देणं पाच लाखांच्या घरात दिसतंय; १४ टक्क्यांनी पाच वर्षांचा हिशेब धरला तर हप्ता सुमारे ११,६०० येतो. २८ हजारांत, रूम शेअर करून, ओव्हरटाइम धरून हे ओढाताणीचं आहे, अशक्य नाही.

घरी सांगायचं. यावर तुम्ही लिहिलं आहे ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’. तुमच्या मुठीत सध्या दर महिन्याला वाढणारं व्याज आहे, ती झाकून ठेवण्यात काही राखलं जात नाहीये. फोनवर सांगू नका, गावी जा. वहीतला आकडा बरोबर न्या. सुरुवात पाटल्यांपासून करा, कारण तीच गोष्ट तुम्हाला सगळ्यात जास्त खाते आहे. ‘मी चुकलो, माफ करा, मी परत मिळवून देतो’ असं एका दमात म्हणू नका. त्यातल्या शेवटच्या तीन शब्दांत तोच जुना करार आहे. ‘हप्त्याने फेडतोय, असा असा हिशेब आहे’ हे सांगा. आई रडेल, वडील कदाचित दोन दिवस बोलणार नाहीत. ते त्यांना करू द्या. त्यांना लगेच शांत करण्याची जबाबदारी घेऊ नका.

एका मुलाच्या वडिलांना मी माझ्यासमोर बोलावलं होतं. एसटीत ड्रायव्हर होते, निवृत्त. मुलगा अर्धा तास बोलत होता, मान खाली. वडील खिडकीकडे बघत होते. मला वाटलं आता भडका उडणार. मुलगा थांबल्यावर त्यांनी विचारलं, ‘व्याज किती टक्क्यानं?’ मग खिशातून पेन काढलं आणि माझ्याच टेबलावरच्या कागदावर बेरीज करायला लागले. राग नंतर आला, बाहेर रिक्षात बसताना आला, आणि जोरात आला. पण आधी बेरीज झाली होती. सगळे वडील असे नसतात, हे मला माहीत आहे. तुमचे वडील हात उचलणारे असतील तर आधी मामा किंवा मोठी बहीण, ज्यांचं घरात ऐकतात त्यांना सांगून बरोबर घेऊन जा.

थांबल्यावरचे पहिले काही आठवडे वाईट जातात, ते आधीच माहीत असू द्या. सव्वानऊला हात मोबाइलकडे जाईल. मंगळवारी निफ्टीची आणि गुरुवारी सेन्सेक्सची एक्स्पायरी (ऑप्शनची मुदत संपण्याचा दिवस) असते, त्या दुपारी जीव लागणार नाही. बाजार मोठा हलला की ‘आज असतो तर’ हा विचार येईल, आणि तो नेहमी नफ्याच्याच बाजूने येईल. ही ओढ चढते, टोकाला जाते आणि तुम्ही काही केलं नाही तर साधारण अर्ध्या तासात उतरते. तेवढा वेळ मशीनपाशी राहा, मोबाइल लॉकरमध्ये. सगळ्यात मोठा धोका पहिल्या महिन्यात नसतो, दिवाळीच्या बोनसला असतो. हातात मोकळे पंचवीस हजार आले की मन म्हणतं, हे तर कर्जातले नाहीत. बोनस जमा व्हायच्या आधीच त्यातला किती कुठल्या कर्जात जाणार हे लिहून ठेवा आणि तो कागद बहिणीला पाठवा.

समजा घसरलात, एखाद्या दुपारी पुन्हा ट्रेड घेतला. तर त्याच संध्याकाळी कुणाला तरी सांगा, रक्कमेसह. एक ट्रेड म्हणजे सगळं संपलं असं नसतं. तो लपवला की मात्र तिथून पुन्हा दहा होतात.

आणि समोर बसून कुणाशी तरी बोला. खाजगी फी परवडत नसेल तर सरकारी जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत केस पेपर काढून जाता येतं. पुण्यात ससूनलाही विभाग आहे. लाजून ‘झोप येत नाही’ एवढंच सांगून गोळी घेऊन परत येऊ नका. ट्रेडिंग, कर्ज आणि तो रात्रीचा विचार, तिन्ही सांगा. झोप आणि उदासी यासाठी औषध लागलं तर घ्या, त्याने पुढचं बोलणं सोपं होतं. शिफ्ट बदलून घेऊन या आठवड्यातला एक दिवस काढा. गावी जायचं त्याच्या आधीचा असेल तर जास्त बरं.